२,१४,७४,८३,६४७ : एका मोठ्या मूळ संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रॅमिंग करणारे या संख्येबद्दल एक विचारतात, शाळा-कॉलेजातले गणितप्रेमी दुसरंच काही. दोन्हीकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. घातासाठी ^ ही खूण वापरली आहे: २^५ म्हणजे २×२×२×२×२, म्हणजे ३२.

१. ही संख्या नेमकी कुठून आली?

२ चा ३१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. २^३१ = २,१४,७४,८३,६४८, म्हणून आपली संख्या २,१४,७४,८३,६४७. वाचताना दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. द्विमान पद्धतीत ती लिहिली तर ओळीने ३१ वेळा १ येतो, मध्ये एकही शून्य नाही. २, ३, ५, ७ अशा मूळ संख्या क्रमाने मोजत गेलात, तर हिचा नंबर १०,५०,९७,५६५ वा लागतो.

पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचं मूळ 'दोनच्या घातापेक्षा एकने कमी' या घडणीतच आहे.

२. मूळ संख्या म्हणजे काय? आणि १ मूळ का नाही?

१ पेक्षा मोठी आणि १ व स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग न जाणारी संख्या म्हणजे मूळ संख्या. १ ला मूळ मानलं, तर 'प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात' हा नियम मोडतो. ६ = २×३, पण मग ६ = १×२×३ आणि ६ = १×१×२×३ हेही वेगळे प्रकार मोजावे लागतील. म्हणून १ बाहेर.

३. दहा अंकी तर आहे. हिला 'मोठी' का म्हणायचं?

माणसाने हाताने हिशेब करून हिचं मूळपण सिद्ध केलं, म्हणून. लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात ही संख्या मूळ असल्याचं कळवलं. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळ हीच माणसाला ठाऊक असलेली सर्वात मोठी मूळ संख्या होती. १८११ मध्ये पीटर बार्लोने तर हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (प्रश्न ११ पाहा) लिहिलं की याहून मोठी कधी सापडणार नाही, कारण अशा संख्यांचा उपयोग काहीच नाही आणि पुढे शोधण्याचे कष्ट कुणी घेणार नाही.

कष्ट घेतले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंटने शोधलेली २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. घडण तीच: दोनचा घात वजा एक.

४. मग दोनच्या कुठल्याही घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते का?

नाही, आणि हा गैरसमज फार जुना आहे. अशा संख्यांना सतराव्या शतकातल्या मारँ मर्सेनच्या नावावरून मर्सेन संख्या म्हणतात.

घातांक संयुक्त असेल, तर मर्सेन संख्याही संयुक्तच असते. २^१५ − १ घ्या. १५ = ५×३, म्हणून २^५ − १ = ३१ ने तिला भाग जाणारच. ३२७६७ ÷ ३१ = १०५७, बाकी शून्य. तेव्हा घातांक मूळ असणं आवश्यक आहे, पण तेवढं पुरेसं नाही. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २०४७ = २३×८९.

मोठमोठे लोक इथे चुकले आहेत. इटलीच्या कातल्दीने १६०३ मध्ये २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक मूळ संख्या देतात असं सांगितलं. बरोबर निघाला फक्त ३१. मर्सेनने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. २^६७ − १ चे दोन अवयव १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोलने मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७६१८३८२५७२८७. म्हणजे 'ही मूळ आहे' असं म्हणायला धाडस लागत नाही, लागते ती सिद्धता. ३१ च्या बाबतीत ती ऑयलरने दिली.

५. संगणक नसताना ऑयलरने हे सिद्ध कसं केलं?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि सर्वात सुंदर उत्तर याचंच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

साधा मार्ग असा: संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार हाताने करायचे म्हणजे महिनोन्‌महिने.

ऑयलरने आधी विचारलं: हिला भाग जात असेलच, तर तो कोणत्या प्रकारच्या संख्येने जाऊ शकेल?

समजा 'क' ही मूळ संख्या २^३१ − १ ला पूर्ण भागते. याचा अर्थ २^३१ ला क ने भागलं की बाकी १ उरते. दुसरीकडे फर्माचा नियम सांगतो की २^(क−१) ला क ने भागलं तरी बाकी १. आता २ चे घात घेत गेलात तर बाकी १ पहिल्यांदा ज्या घाताला येते, तो घातांक या दोन्ही घातांकांना, ३१ ला आणि क−१ ला, भागलाच पाहिजे. ३१ मूळ आहे, तेव्हा तो १ किंवा ३१. १ असू शकत नाही, कारण मग २ ला क ने भागून बाकी १ यावी लागेल आणि त्यासाठी क ने १ ला भाग जावा लागेल. म्हणून तो ३१, आणि क−१ ला ३१ ने भाग जातो. क विषम असल्याने क−१ सम आहे. एकूण क चं रूप ६२ च्या पटीपेक्षा एकने जास्त: ६३, १२५, १८७, २४९…

दुसरी चाळणीही आहे. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे क ने भागल्यावर २ ही बाकी एका वर्गाची बाकी म्हणून येते, आणि असं तेव्हाच घडतं जेव्हा क ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरते.

दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यायलाच हवी. ४६,३४० पर्यंत अशा संख्या शिल्लक राहतात सुमारे ३७२, आणि त्यांतल्याही बऱ्याच स्वतः संयुक्त. सुरुवात करून बघा: ६३ संयुक्त, २४९ = ३×८३ संयुक्त, मग ३११ मूळ. २,१४,७४,८३,६४७ ला ३११ ने भागा, बाकी ३५ येते. ३११ बाद. पुढे ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५ आणि १२४१ या सगळ्या संयुक्त. पुढची मूळ थेट १३०३, आणि तिने भागल्यावर बाकी २२६. पहिल्या तेराशेमध्ये एकच भागाकार करावा लागला! असं शेवटपर्यंत जा, कुठेच बाकी शून्य येत नाही. संख्या मूळ.

या चाळण्या २०४७ वरही तपासता येतात. २३ आणि ८९ दोन्ही २२ च्या पटीपेक्षा एकने जास्त आहेत, आणि ८ ने भागून त्यांच्या बाक्या ७ व १ आहेत.

६. अंकांची बेरीज, शेवटचा अंक यांवरून मूळपण ओळखता येतं का?

त्यावरून एखादी संख्या मूळ नाही हे कळू शकतं, मूळ आहे हे कधीच कळत नाही. इथे शेवटी ७ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४६, म्हणून ३ बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजांतला फरक १२, म्हणून ११ बाद. इतकंच. खरं काम प्रश्न ५ किंवा ७ मधल्या मार्गानेच होतं.

७. आज संगणक मर्सेन संख्या कशी तपासतो? अजूनही भागाकारच करतो का?

छोटे विभाजक आहेत का हे आधी पाहिलं जातं, पण पक्की कसोटी वेगळी आहे. तिचा पाया एदुआर ल्युकाने १८७० च्या दशकात घातला आणि १९३० मध्ये डेरिक लेहमरने तिला आजचं रूप दिलं.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. (घातांक २ चा अपवाद, तिथे संख्या ३ च आहे.)

२^७ − १ = १२७ वर करून पाहा. ४, मग १४, मग १९४ ची बाकी ६७, मग ४२, मग १११. १११ चा वर्ग १२३२१, वजा २ म्हणजे १२३१९, आणि १२३१९ = १२७×९७. बाकी शून्य! पाच पायऱ्यांत निकाल. २०४७ वर नऊ पायऱ्यांनंतर बाकी १७३६ उरते, म्हणून ती संयुक्त. आपल्या संख्येला २९ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येतो. चिकाटी असेल तर साध्या कॅल्क्युलेटरवरही हे जमतं, फक्त वर्ग १९ अंकांपर्यंत जातात हे लक्षात ठेवा.

ही कसोटी 'संयुक्त आहे' असं सांगते तेव्हा अवयव मात्र देत नाही. ते वेगळे शोधावे लागतात.

८. फर्माची कसोटी जास्त सोपी आहे ना? २^(न−१) ला न ने भागून बाकी १ आली की न मूळ.

इथे सापळा आहे. मूळ संख्येला ही बाकी १ येतेच, पण बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. मर्सेन संख्यांच्या बाबतीत तर पाया २ घेऊन ही कसोटी लावणं निव्वळ वाया जातं.

आपली संख्या न म्हणू. २^३१ ला न ने भागून बाकी १ हे उघड आहे, कारण न त्याच्यापेक्षा एकनेच कमी आहे. न−१ = २^३१ − २, आणि ३१ मूळ असल्याने याला ३१ ने भाग जातो. म्हणून २^(न−१) ची बाकीही १ येणारच, न मूळ असो वा नसो. ही युक्ती प्रत्येक मूळ घातांकाला लागू पडते, त्यामुळे २०४७ सुद्धा या परीक्षेत पास होते. पाया ३ घेतला तर कसोटीला अर्थ येतो, तरीही पक्क्या सिद्धतेसाठी प्रश्न ७ मधलीच कसोटी वापरा.

९. हिच्या आजूबाजूला मूळ संख्या आहेत का? जोडमूळ आहे का? सोफी जर्मेन मूळ आहे का?

तिन्ही प्रश्न 'शेजाऱ्यां'बद्दलचे आहेत, म्हणून एकत्र.

आधीची मूळ संख्या २,१४,७४,८३,६२९ म्हणजे १८ ने कमी, नंतरची २,१४,७४,८३,६५९ म्हणजे १२ ने जास्त. जोडमूळ (म्हणजे २ च्या फरकाने असलेल्या दोन मूळ संख्यांपैकी एक) नाही: २ वजा केले तर शेवटी ५ येतो, २ मिळवले तर २^३१ + १ मिळते आणि तिला ३ ने भाग जातो. खरं तर ३ हा अपवाद सोडला तर कुठल्याही मर्सेन मूळ संख्येत २ मिळवून मूळ संख्या मिळणार नाही, कारण विषम घातांकासाठी दोनचा घात अधिक एक ही ३ ची पट असते.

सोफी जर्मेन मूळ असण्यासाठी दुप्पट अधिक एक हीसुद्धा मूळ हवी. इथे ती येते २^३२ − १ = ४,२९,४९,६७,२९५ = ३×५×१७×२५७×६५५३७. मूळ नाही, पण अवयव बघा: आजवर माहीत असलेल्या पाचही फर्मा मूळ संख्या (२^(२^न) + १ या रूपाच्या) त्यात आल्या, प्रत्येक एकदाच.

एकने कमी असलेल्या शेजाऱ्याचे अवयव: २×३×३×७×११×३१×१५१×३३१. हे प्रश्न १३ मध्ये कामाला येतील.

१०. ही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? वजाबाकी म्हणून?

बेरीज म्हणून नाही. ४ ने भागल्यावर बाकी ३ येते, आणि दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच येत नाही. वजाबाकी म्हणून मात्र एकाच प्रकारे: १०७३७४१८२४ चा वर्ग वजा १०७३७४१८२३ चा वर्ग. त्यातली पहिली संख्या म्हणजे २^३०.

११. परिपूर्ण संख्यांशी हिचा काय संबंध?

स्वतःखेरीज बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकी येते ती परिपूर्ण संख्या. ६ = १+२+३, तसंच २८ = १+२+४+७+१४. युक्लिडने दाखवलं की मर्सेन मूळ संख्येला दोनच्या योग्य घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते. सगळ्या सम परिपूर्ण संख्या अशाच असतात हे दोन हजार वर्षांनी ऑयलरने सिद्ध केलं. आपली संख्या आठवी मर्सेन मूळ संख्या आहे आणि तिच्यापासून आठवी परिपूर्ण संख्या बनते: २^३० × (२^३१ − १) = २३०५८४३००८१३९९५२१२८. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

१२. संगणकात पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच असते. मूळ आहे म्हणून निवडली का?

नाही, तो योगायोग आहे. ३२ बिटांपैकी (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारी एक जागा) एक अधिक-उणे चिन्हासाठी गेला की ३१ उरतात आणि त्यांत मावणारी सर्वात मोठी संख्या २^३१ − १. हाच हिशेब ८ बिटांना १२७ देतो, तीही मूळ. १६ बिटांना मात्र ३२७६७ = ७×३१×१५१. ६४ बिटांना घातांक ६३ होतो, आणि तो संयुक्त असल्याने प्रश्न ४ प्रमाणे संख्याही संयुक्त.

२०३८ ची चर्चा याच मर्यादेमुळे होते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणालींत हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार ०३:१४:०७ ला गाठला जाईल. पुढच्या सेकंदाला मोजणी ऋण होऊन तारीख १३ डिसेंबर १९०१ वर जाईल. तिथेही मूळ असण्याचा काही संबंध नाही.

१३. मग मूळ असण्याचा प्रत्यक्ष उपयोग कुठे होतो?

यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या तयार करताना. एक संख्या घ्या, तिला १६८०७ ने गुणा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, आणि हेच करत राहा. १ पासून सुरू केलं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३… अशी माळ तयार होते. १९८८ मध्ये स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी ही पद्धत किमान दर्जा म्हणून सुचवली होती.

१६८०७ म्हणजे ७^५. आपल्या संख्येने भागत गेल्यास ७ चे घात १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक बाकी देतात आणि मगच पुन्हा १ वर येतात. हा गुण असलेली ७ ही सर्वात लहान संख्या आहे. ५ व्या घातातही तो टिकतो, कारण प्रश्न ९ मधल्या अवयवांत ५ नाही. सुरुवात शून्याने मात्र करू नका, कायम शून्यच येत राहील. आणि गुप्ततेच्या कामाला ही माळ वापरू नका, एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

दुसरा फायदा वेगाचा. हिने भागून बाकी काढायला भागाकार लागतच नाही. १०००,००,००,००० ची बाकी हवी आहे? २^३१ चे त्यात ४ पूर्ण भाग बसतात आणि १४१००६५४०८ उरतात. दोन्हींची बेरीज १४१००६५४१२, हीच बाकी. संगणकासाठी म्हणजे नुसतं बिट सरकवणं आणि एक बेरीज.

१४. ऑनलाइन व्यवहारांच्या कूटलेखनात ही वापरतात का?

नाही, फारच लहान आहे. आरएसए या कूटलेखनाच्या पद्धतीत सहसा ३०० हून अधिक अंकी मूळ संख्या घेतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. मर्सेन मूळ संख्या तर सगळ्यांना ठाऊक. जिथे मूळ संख्या उघड असली तरी चालते, तिथे मात्र तिच्या मोठ्या बहिणीला जागा मिळाली आहे: २^५२१ − १ ही एका प्रमाणित वक्राधारित पद्धतीत वापरली जाते, प्रश्न १३ मधल्या वेगाच्या फायद्यासाठीच.

१५. २ चा इतकाच, म्हणजे २१४७४८३६४७ वा घात घेऊन १ वजा केला तर?

बरेच जण हा प्रश्न अगदी उत्साहाने विचारतात, आणि त्यांचा अंदाज निराधार नसतो. २ वरून ३, ३ वरून ७, ७ वरून १२७, १२७ वरून २^१२७ − १: सगळ्या मूळ, आणि शेवटची ल्युकाने १८७६ मध्ये सिद्ध केली. दुसरी साखळी ५ पासून: २^५ − १ = ३१, आणि २^३१ − १ म्हणजे आपलीच संख्या. तिसरी कडीही मूळ असावी असं वाटणं साहजिक आहे.

पण साखळी इथे तुटते. ती संख्या ६४ कोटींहून अधिक अंकांची आहे, तरी तिला २९५२५७५२६६२६०३१ ने पूर्ण भाग जातो. प्रश्न ५ मधला नियम इथेही लागू पडतो: विभाजकातून १ वजा करून २१४७४८३६४७ ने भागा, बरोबर १३७४९० येतात, सम संख्या. आणि विभाजकाला ८ ने भागून बाकी ७.

घातांक म्हणून मर्सेन मूळ संख्याच घेतली, तर ३, ७, ३१ आणि १२७ यांनी मूळ संख्या दिल्या. त्यानंतर २^१३ − १, २^१७ − १, २^१९ − १ आणि आपली २^३१ − १ या चौघींनी संयुक्त दिल्या. पुढचा घातांक २^६१ − १. त्याच्यापासून बनणाऱ्या संख्येवर प्रश्न ७ मधली कसोटी चालवणं कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून तिथे शोध फक्त विभाजकांचा चालतो, आणि तोही ऑयलरच्याच दोन चाळण्या लावून.